ओल्या लाकडाची चाकं

घोडे नेणार होते, मला नाही. डाव्या हाताची दोन बोटं आधीच गाडीच्या कण्याखाली गेलेली, त्यामुळे फौजेच्या डॉक्टरनं मला बघताक्षणी बाजूला काढलं. पण माझ्या दोन घोड्यांची बोटं कोण मोजणार? कहला काळसर घोडी होती, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी दिसायची. शहबा राखी रंगाची आणि मोठी हट्टी. या जोडीवर मी हमा गावातून रेल्वे स्टेशनपर्यंत मालाची ने-आण करायचो. सुलतान मोठ्या लढाईत उतरला त्याचं ते पहिलंच वर्ष. फौजेच्या लोकांनी सरायच्या अंगणात गावातली सगळी जनावरं उभी केली, दात बघितले, पाय उचलून बघितले आणि दोघींच्या मानेवर तापल्या लोखंडाचा डाग दिला. मला पावतीचा एक कागद दिला. तो हातात घेऊन मी तिथेच विचारलं, गाडी हाकायला माणूस लागतो का? लागत होता. आठ बोटांचाही चालत होता.

घरी सांगितलं तेव्हा माझी बायको वसीला पीठ मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"सुलतानासाठी जाताय असं लोकांना सांगा," ती म्हणाली. "मला नका सांगू."

"दुसऱ्या कुणाच्या हातात त्या दोघी टिकायच्या नाहीत."

"मग मी कुणाच्या हातात टिकायची, तेही बघून ठेवा."

एवढंच बोलली. मग कांदे, वाळवलेले अंजीर आणि एक जाड कांबळं बांधून दिलं.

मला आणि घोड्यांना नेणाऱ्या आगगाडीत उस्ताद रशवान होते. आमच्या आसी नदीवरचे मोठे रहाट दुरुस्त करणारे सुतार. साठी उलटलेली, पाठ थोडी वाकलेली, पण हात असे की लाकडाला नुसते लावले तरी ते कुठे कुजलंय ते कळायचं. कुणीतरी अधिकाऱ्याला सांगितलं की या माणसाला चाकातलं कळतं, म्हणून त्यांना उचललं. ते म्हणाले होते, माझं चाक एका जागी फिरतं, पाण्यात फिरतं, ते कुठे जात नाही. अधिकारी हसला आणि म्हणाला, आता जाईल. गावातला मी एकटाच ओळखीचा, म्हणून प्रवासभर ते माझ्याशेजारी बसले. आमची तशी मैत्री नव्हती. त्यांच्या लेखी मी आरडाओरडा करत रस्त्यानं जाणारा गाडीवान होतो.

दमास्कसला फौजेचा गाड्यांचा कारखाना होता, तिथे आम्हाला कप्तान नझमी एफेंदीच्या हाताखाली दिलं. कप्तान अनातोलियाकडचा, तिशीचा, सडपातळ. आमची भाषा तोडकीमोडकी बोलायचा, पण ओरडायचा नाही. त्याला अठरा गाड्यांचा ताफा उभा करायचा होता. काही जुन्या गाड्या होत्या, पण निम्म्याअधिक गाड्यांना नवी चाकं हवी होती आणि वाळलेलं लाकूड सगळं आधीच संपलेलं. म्हणून शहराभोवतीच्या बागांमधली अक्रोडाची आणि तुतीची झाडं तोडून आणत होते. खोडांवर अजून पानं असायची.

उस्तादांनी चाकाचा एक आरा तासला आणि तसाच नेऊन कप्तानाच्या तळहातावर ठेवला. मी शेजारी घोड्यांना खरारा करत होतो, म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "एफेंदी, हात ओला झाला बघा. हे लाकूड दोन वर्षं सावलीत पडून राहायला हवं."

"दोन वर्षांनी लढाई असेल की नाही, मला माहीत नाही. महिन्याअखेर अठरा गाड्या हव्यात."

"करून देईन. पण वाळूत गेल्या की सुटतील."

कप्तानानं तो आरा बराच वेळ हातात धरला. किती दिवसांनी सुटतील, त्यानं विचारलं. हा प्रश्न कुणी मनापासून विचारील असं उस्तादांना वाटलं नव्हतं. त्यांनी खरोखर विचार केला आणि सांगितलं, कोरड्या उन्हात तिसऱ्या दिवशी कुरकुरायला लागतील, पाचव्या दिवशी ऐकणार नाहीत.

"मग चौथ्या दिवशी पोचू," कप्तान म्हणाला. "आणि तुम्हीही बरोबर चला."

डोंगराच्या रस्त्यानं बिर-अस-सबापर्यंत आलो तोवर चाकं बरी राहिली. पहाटे दव पडायचं, हवेत ओल असायची. तिथे आमच्या गाड्या भरल्या: पीठ, जव आणि काडतुसांच्या पेट्या. हे सगळं वाळवंटातल्या औजाच्या ठाण्यावर पोचवायचं होतं. मधे दोन विहिरी, पहिली खलासाची, दुसरी रुहैबाची. जुलै महिना. पहाटे निघायचं, ऊन चढलं की थांबायचं, उतरलं की पुन्हा निघायचं.

खलासा सोडलं आणि चाकं कुरकुरायला लागली. उस्तादांचा अंदाज चुकला होता, एक दिवस आधीच सुरुवात झाली. वंगण घातलं की कण्याचा आवाज जातो, हा तो आवाज नव्हता. आरा चाकाच्या मधल्या तुंब्यात हलायला लागला की बारीक टकटक होते, म्हाताऱ्याचे दात वाजल्यासारखी. लाकूड आटलं होतं. चाकावरची लोखंडी पट्टी, धाव, सैल होऊन एका बाजूला सरकत होती. उस्ताद हातोडी घेऊन ताफ्याबरोबर पायी चालायचे, या गाडीला पाचर ठोक, त्या गाडीच्या धावेखाली पोत्याचा तुकडा सारून घट्ट कर. दिवसभर त्यांच्या लाकडी हातोडीचा आवाज चालू असायचा. पुढे पुढे आम्हाला तो ऐकूही येईना.

मी एकदा त्यांना म्हणालो, उस्ताद, गाडीवर बसा थोडं. ते म्हणाले, तुझ्या घोड्यांना माझं वजन कशाला?

रुहैबाला पोचलो तर विहिरीत चिखल. आदल्या दिवशी उंटांचा मोठा तांडा येऊन गेला होता. दोर सोडला की डोल अर्धा भरून यायचा आणि त्यातही गाळ. सकाळभर उपसून कातडी पिशव्या भरल्या. माणसांचं पाणी आधी बाजूला काढलं. उरलेलं छत्तीस घोड्यांना पोटभर पुरणार नव्हतं, पण ते सगळं त्यांनाच मिळालं असतं तर औजापर्यंत निभलं असतं.

तेव्हा कप्तानानं उस्तादांना विचारलं की चाकं टिकवायला काय लागेल. उस्ताद खरं बोलणारे. म्हणाले, पाणी. पाणी प्यायलं की लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात. प्रत्येक चाकाला एक बादली, आज आणि उद्या. कप्तानानं मनात हिशेब केला. मग हुकूम दिला: चाकांना पाणी घाला, घोड्यांना निम्मं द्या.

मला हे कळलं ते डोळ्यांनी बघूनच. मी घोड्यांच्या तोंडाला दाण्याचे तोबरे बांधत होतो, वळून बघतो तर उस्ताद माझ्या गाडीच्या मागच्या चाकावर बादली ओतताहेत. सावकाश, एकेका आऱ्यावर, थेंब वाया जाऊ नये म्हणून खाली पोतं अंथरलेलं. आणि कहलानं मान लांबवली होती आणि ती चाकाची लाकडी कड चाटत होती. ओलं लाकूड चाटत होती, लोखंडी धाव चाटत होती. जीभ खरवडून निघेल इतक्या जोरात.

मी जाऊन बादली धरली.

"सोड," उस्ताद म्हणाले.

"घाला, घाला, चांगलं शिंपडून घाला," मी म्हणालो. "लाकूड ओलंच होतं, पालवी फुटेल. सावलीची सोय होईल फौजेची."

माझ्या बोलण्याला चार गाडीवान हसले. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी बादलीही सोडली नाही. आम्ही दोघं ती धरून उभे, आणि मधे पाणी हेलकावे खात होतं.

"दीब," ते हळू म्हणाले, "चाक मोडलं तर या दोघी तीन चाकांवर हजार शेराचा भार ओढतील. मग किती पाणी पाजशील?"

"आणि पाणी नाही पाजलं तर चार चाकांवर ओढतील आणि मरतील. तुमचं चाक तेवढं शाबूत राहील."

त्यांनी कहलाकडे बघितलं. ती अजून चाटत होती. त्यांनी बादली माझ्या हातात दिली आणि निघून गेले. मी ते पाणी दोघींना पाजलं. हुकूम मोडला म्हणून मला चाबूक बसेल असं वाटलं होतं, पण कुणी काही बोललं नाही.

नंतर मी उस्तादांना कप्तानापुढे उभं पाहिलं. सांगत होते की सगळ्या अठरा गाड्या न्यायचा हट्ट सोडा. जुनी वाळलेली चाकं काढून चांगल्या गाड्यांना घाला, ज्या बऱ्या आहेत तेवढ्याच न्या, उरलेल्यांचे घोडे त्यांना जोडा. माल इथे ठेवा, दोन माणसं पहाऱ्याला बसवा, परत येऊन न्या. म्हणजे चाकांना पाणी लागणार नाही. कप्तान ऐकत होता. शेवटी त्यानं खिशातून कागद काढून दाखवला. त्यावर अठरा लिहिलं होतं. औजाला लोक अर्ध्या भाकरीवर बसलेत, तो म्हणाला, त्यांना मी जाऊन काय सांगू, सुताराचं ऐकलं म्हणून? पाणी ऊन उतरल्यावर, निघायच्या आधी घाला. आत्ता घातलं तर उडून जाईल.

दुपार चढली. वारा नाही, सावली फक्त गाड्यांखाली. सगळे तिथे आडवे झाले. कप्तानही एका गाडीखाली, तोंडावर रुमाल टाकून. हातोडीचा आवाज चालू होता. कुणी डोकं वर केलं नाही, कारण तो तर तीन दिवस चालूच होता.

मला मात्र झोप लागेना. गाडीवानाला आवाज कळतात. पाचर ठोकली की हातोडीचा आवाज प्रत्येक घावाला चढत जातो, लाकूड आवळत गेलं की तो बारीक होतो. हा आवाज उतरत होता. एक जड, एक त्याहून जड, मग काहीतरी निखळून वाळूवर पडल्याचा धप्प आवाज. मी कोपरावर उठलो. उस्ताद ओळीच्या टोकाच्या गाडीजवळ गुडघ्यावर बसले होते आणि चाकातून आरे बाहेर काढत होते. कुऱ्हाडीनं तोडत नव्हते, जसे बसवले तसेच सोडवत होते. घाव घातला की डोळे मिटायचे. चेहऱ्यावरून घाम वाहत होता, आणि मला वाटतं तो सगळा घाम नव्हता.

त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. फौजेची गाडी मोडणाऱ्याला काय शिक्षा असते ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मी उठून त्यांच्याकडे गेलो नाही, हे मी आजही कबूल करतो. मदतही केली नाही आणि अडवलंही नाही. पुन्हा आडवा झालो आणि डोळे मिटून मोजत राहिलो. सात गाड्या झाल्या.

ऊन उतरल्यावर शिट्टी झाली आणि आरडाओरड सुरू झाली. सात गाड्या एका बाजूला कललेल्या. कप्तान एकेकीजवळ गेला. एका चाकाशी वाकला, निखळलेला आरा उचलला, त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. हातोडीचे घाव तिथे ताजे होते, मला दहा पावलांवरून दिसत होते.

"हे कसं झालं?" त्यानं विचारलं.

"ओलं लाकूड, एफेंदी," उस्ताद म्हणाले. "दमास्कसलाच सांगितलं होतं."

कप्तानानं त्यांच्याकडे बघितलं. मग तो आरा वाळूत टाकला आणि हुकूम सोडला: अकरा गाड्या. मोकळे घोडे जड गाड्यांना जोडा. चाकांना पाणी नाही, सगळं घोड्यांना.

त्या दिवशी घोड्यांना मिळालं ते पोटभर नव्हतंच. पण शहबानं बादलीचा तळ चाटून झाल्यावर डोकं वर करून फुर्र केलं, तेव्हा मला माझं घर आठवलं.

दोन दिवसांनी औजाला पोचलो. एकही घोडा वाटेत पडला नाही. ठाण्यावरचे शिपाई धावत आले आणि गाड्या मोजायला लागले. त्यांचा आचारी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अर्धीच वरात आली? नवरामुलगा कुठे राहिला?" त्याच्यामागे जे उभे होते त्यांचे गाल बसलेले होते. कुणी आम्हाला शिवी दिली नाही, ते जास्त लागलं. पुढचे सहा दिवस, आम्ही रुहैबाचा उरलेला माल आणेपर्यंत, ते लोक अर्ध्या भाकरीवर राहिले. एकजण, आधीच तापानं फणफणलेला, त्या दिवसांत गेला. तो भाकरीअभावी गेला की तापानं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माल आणायला परत निघालो तेव्हा गाड्या रिकाम्या होत्या. कप्तान माझ्या शेजारी येऊन बसला.  कहलाच्या मानेवरच्या डागाकडे बघत होता.

"तू की म्हातारा?" त्यानं विचारलं.

मी लगाम आवळला. 

"सांगू नकोस," तोच पुढे म्हणाला. "सांगितलंस तर मला लिहावं लागेल."

पुढे बोलला ते मला तुकड्या-तुकड्यानं कळलं, कारण अर्धं तो त्याच्या भाषेत बोलत होता. म्हणाला, त्या म्हाताऱ्यानं माझ्या हातात ओलं लाकूड ठेवलं तेव्हाच मी वर जाऊन सांगायला हवं होतं की या गाड्या चालणार नाहीत. मला माहीत होतं. तो साधा सुतार असून मला सांगू शकला, आणि मी कप्तान असून माझ्या वरच्याला सांगू शकलो नाही. मग गाड्यांनीच सांगितलं. एवढं बोलून तो उतरला आणि पुढच्या गाडीवर जाऊन बसला.

शरद लागता लागता त्याची बदली झाली. गाड्यांचं काम काढून घेतलं आणि पायदळात पाठवलं. बिर-अस-सबाच्या कचेरीत होम्सचा एक कारकून होता, त्यानं मला सांगितलं की कप्तानानं लिहून दिलं होतं: पाणी अपुरं होतं, सात गाड्या मी माझ्या आज्ञेनं मागे ठेवल्या. चाकांबद्दल एक शब्द नव्हता. मी ते उस्तादांना सांगितलं. ते तेव्हा तिथल्याच फौजेच्या कारखान्यात काम करत होते. ऐकून त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"आणि मी समजत होतो त्याला फसवलं," ते म्हणाले.

ते लगेच कप्तानाला शोधायला निघाले, पण त्याची तुकडी सकाळीच गेली होती. तो पुढे जगला की नाही, मला माहीत नाही. लढाई संपल्यावर अनातोलियाकडचा कुणी भेटला की मी विचारायचो. एका नावाचे खूप लोक असतात.

कहला त्या हिवाळ्यात गेली. फौजेत जव संपले, घोड्यांना खरूज झाली. ताफ्यातले निम्मे घोडे दोन महिन्यांत गेले. मी तिला कांबळ्यात गुंडाळून ठेवलं होतं, वसीलानं दिलेलं तेच. शहबाला तोफा ओढायला नेलं आणि तिची पुन्हा गाठ पडली नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी मी गेलो त्या दोघीही राहिल्या नाहीत आणि मी तीन वर्षं दुसऱ्यांचे घोडे हाकत राहिलो. दमास्कस पडलं त्या शरदात मी पायी घरी आलो. वसीलानं दार उघडलं, माझ्यामागे रस्त्याकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं. तिनं मला आत घेतलं.

उस्तादांना तापामुळे वर्षभर आधीच सोडलं होतं. मी आल्याचं कळल्यावर ते काठी टेकत घरी आले. बसले, कॉफी प्यायले, आणि सगळ्यात आधी कहलाचं विचारलं. मी सांगितलं.

"रुहैबानंतर किती?" त्यांनी विचारलं.

"पाच महिने."

"ते बरे गेले का तिचे?"

मी विचार केला. मग सांगितलं की हो, पहिले तीन बरे गेले. जव मिळत होते. एकदा अवकाळी पाऊस पडला आणि ओढ्याच्या काठाला हिरवं गवत उगवलं, तेव्हा मी दोघींना दिवसभर मोकळं सोडलं होतं. कप्तानानं बघून न बघितल्यासारखं केलं. कहला गवतात लोळली होती, चारी पाय वर करून.

हे ऐकून उस्तादांनी मान हलवली, आणि ते काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं बोलणं संपलं. मग म्हणाले, "सातातली सहाच चाकं वाईट होती."

मला कळलं नाही.

"सातवं चांगलं होतं. तुतीचं. कसं कोण जाणे, आतून वाळलेलं झाड मिळालं होतं. ते औजाला जाऊन परत आलं असतं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पण बारा गाड्या नेल्या असत्या तर जोडायला दोन घोडे कमी मोकळे झाले असते. पाणी तर तेवढंच होतं, ओढायचं मात्र जास्त झालं असतं. म्हणून तेही काढलं. चाळीस-पन्नास वर्षांत मी चांगलं चाक मोडलं ते तेवढं एकच."

मी म्हणालो, उस्ताद, त्यामुळे घोडे वाचले. ते म्हणाले, हो, आणि ती माणसं सहा दिवस अर्धपोटी राहिली, तेही त्यामुळेच. दोन्ही खरं आहे. मी रोज दोन्ही गोष्टी धरून बघतो, कुठली जड ते मला कळत नाही.

मलाही कळत नव्हतं. वसीला आतून दलिया आणि कांदा घेऊन आली, ताट आमच्या मधे ठेवलं आणि स्वतःही बसली. तिनं उस्तादांपुढे मोठा वाटा सरकवला. त्यांनी नको म्हटलं नाही.